बँडबाज्याच्या खोक्यातली रेकॉर्ड

जॅझच्या जुन्या रेकॉर्डी नव्याने छापून येऊ लागल्या, तेव्हा मी वर्ध्यात शिक्षिका होते. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी बाजारातल्या रेडिओच्या दुकानात जाऊन रेकॉर्डींची खोकी उपसायची. वय सव्वीस आणि लग्न नाही, म्हणजे माझ्यावर बोलायचा हक्क सगळ्या बाजाराला होता.

एका शनिवारी हवी ती जॅझची रेकॉर्ड सापडली, तीही लग्नाच्या बँडच्या खोक्यात. कव्हरावर ट्रम्पेट दिसला म्हणून दुकानदाराने ती तिथे टाकली होती. विकण्याआधी तो प्रत्येक रेकॉर्ड वाजवायचा, चरा पडलेला नाही हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून. त्याचा भोंगा मात्र रस्त्याकडे तोंड करून होता.

ट्रम्पेट सुरू झाला तसे पानठेल्यावरचे लोक हसायला लागले. शेजारचा कापडवाला ओरडला, "काऊन जी बाई, लगन जमलं का तुमचं? बँड वाजून राह्यला!"

दुकानदाराने घाईघाईने आवाज कमी केला. "घरीच ऐकजा, बाई."

माझं डोकं फिरलं. मी काय चोरीचा माल घेत होते?

"आवाज वाढवा," मी म्हटलं, आणि कापडवाल्याकडे वळले. "लगन नाई जमलं, भाऊ. बँड माह्याचसाठी वाजून राह्यला."

बाजू संपेपर्यंत मी उभी राहिले. चरा कुठेच नव्हता. कापडवाला आपल्या कापडाच्या ठाणांत तोंड घालून बसला होता. दुकानदार सुटका झाल्यासारखा रेकॉर्ड कव्हरात घालू लागला.

"थांबा," मी म्हटलं. "दुसरी बाजू राह्यली."