खरवडलेलं घर

एचिंगचं वेड मला मुंबईच्या कलाशाळेत लागलं. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यात सुईनं चित्र काढायचं, पत्रा ॲसिडात बुडवायचा आणि रेघा खोल गेल्या की शाई भरून कागदावर छाप घ्यायचा. पुण्यातले घाट, देवळं, पेठांमधले सज्जे मी असेच छापून विकत होतो. मुळशीत धरण होतंय, नदीकाठची गावं पाण्याखाली जाणार, असं कळलं आणि मी घाईघाईनं तिकडे गेलो. कळवळा वगैरे काही नव्हता. असे घाट पुन्हा मिळणार नाहीत, एवढंच डोक्यात होतं.

एका शेतकरी जोडप्यानं मला आठ दिवस ठेवून घेतलं. त्यांचं घर देवळाच्या शेजारी, घाटाच्या पायऱ्यांना लागून. बाई रोज नाचणीची भाकरी वाढायची आणि विचारायची, "आमचं घर येतंया न्हवं चित्रात?" मी हो म्हणायचो, आणि ते तेव्हा खरं होतं. आधी कागदावर न काढता थेट पत्र्यावरच काढायची मला मोठी मिजास होती.

पुण्यात पहिला छाप घेतला आणि ते घर माझ्या डोळ्यांत खुपू लागलं. गवतानं शाकारलेलं छप्पर, भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या. देवळाची शोभा जाते, असं मला वाटलं. मी तो छाप फाडून टाकला, ते घर पत्र्यावरून खरवडून, घासून काढलं आणि त्या जागी एक डेरेदार झाड कोरलं. छाप भराभर खपले. मी खूश होतो.

गाव बुडाल्यावर ते दोघं पत्ता विचारत माझ्या दारात आले.

"घर बघायचंया येकदा," तो म्हणाला.

मी छाप पुढे ठेवला. देवळाच्या उजव्या अंगाला त्याचं बोट फिरू लागलं. मी चटकन म्हणालो, "छापात सगळं उलटं येतं. डावीकडे बघा." हे खोटं नव्हतं, पण मी त्याच्या आड लपत होतो. डावीकडे झाड होतं.

"मंग ह्याच्या मागं असंल," तो म्हणाला. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला अजून लाज वाटते.

बाईनं कागद आपल्याकडे ओढला. "आमच्या दारात झाड कवा हुतं?"

मी छाप गुंडाळून तिच्यापुढे धरला. तिनं हात मागे घेतला.

"ऱ्हाऊ द्या. पान्यात गेलं तवा वाटलं हुतं, तुमच्यापाशी तरी हाय."