काकूने तुरटी फिरवली तेव्हा

“येवढी काय रडतेस गो? पानीच व्हतं ना?” काकू म्हणाली. मी खर्डीच्या आमच्या घराच्या पडवीत कपाळाला हात लावून बसले होते.

समोर माझ्या काचेच्या बाटल्या. सकाळी त्यांतलं पाणी चहासारखं तांबूस होतं. आता वर नितळ, तळाशी गाळ.

मी मुंबईत समुद्रावर संशोधन करणाऱ्या लॅबमध्ये काम करते. त्या बाटल्यांत डायटम होते. म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती. मासळीचं पोट शेवटी यांच्यावरच. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की समुद्र तापतो, आणि तो वायू पाण्यात मुरून पाणी आंबटपणाकडे झुकतं. डायटम याला सरावतात का, हे आम्ही बघत होतो. काही बाटल्या आजच्या समुद्रासारख्या, काही उद्याच्या. उद्याच्या बाटल्यांचं तापमान आणि आंबटपणा वर्षभर जपून, थोडा थोडा चढवला होता. घाई केली की कल्चर, म्हणजे बाटलीत वाढवलेले हे जीव, मरतात.

त्यात लॅबच्या वायरिंगचं काम निघालं. काही दिवस वीज बंद, म्हणजे बाटल्यांचं तापमान राखणारं कपाटही बंद.

“इनक्युबेटर बंद राहणार, शेजारी जागा नाही,” सर म्हणाले. “कल्चर गेलं तर प्रोजेक्टचं एक्स्टेन्शन विसरा.”

एक्स्टेन्शन नाही म्हणजे माझी नोकरी नाही. दिवाळी नुकतीच झाली होती. गावी पडवीत उजेड भरपूर, ऊनही बेताचं.

“सर, मी घरी नेते.”

बाटल्यांवर ठळक इंग्रजीत ‘डू नॉट टच’ लिहिलं. काकूला मराठीही वाचता येत नव्हतं, तर हे काय वाचणार! मी स्टेशनपर्यंत जाऊन आले, तेवढ्यात तिने बाटल्यांच्या तोंडाचे कापसाचे बोळे काढून काम उरकलं होतं.

“धरनं आमच्या शहापूरची, पानी जातं मुंबईला, आन् माज्या पोरीला असलं गढूळ देतात? म्हनलं, तुरटी फिरवावी.”

आई गेल्यावर मला काकूनेच वाढवलं. पावसाळ्यात आमची विहीर तांबडी व्हायची. काकू हंड्यात तुरटी फिरवायची आणि मी गाळ खाली बसेपर्यंत टक लावून बघायची. विज्ञानाची गोडी मला त्या हंड्यापाशी लागली. वरचं नितळ पाणी माझ्या शाळेच्या बाटलीत जायचं. ती स्वतः मागे उरलेलं गढूळ प्यायची, आणि हे मला फार उशिरा कळलं.

डोळे पुसले आणि बाटल्या घेऊन लॅब गाठली. वायरिंग उरकून वीज आली होती.

“कंटॅमिनेशन?” सरांनी विचारलं.

“तुरटी, सर. काकूने पाणी स्वच्छ केलं.”

सरांनी एक बाटली उजेडाकडे धरली. “फारच स्वच्छ केलंय,” एवढंच म्हणाले.

तुरटीने कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, शिवाय पाणी आंबट होतं. पण बसलेले सगळे मेलेच असतील असं नाही. प्रत्येक बाटलीतला गाळ समुद्राच्या ताज्या पाण्यात घातला आणि वाट बघत बसलो. आजच्या समुद्राच्या बाटल्या काही उठल्या नाहीत. उद्याच्यांपैकी एक मात्र हळूहळू तांबूस झाली. अगं बाई, मी लॅबमध्ये उडीच मारली! आंबट पाण्याची सवय कामी आली, असं म्हणायचा मोह झाला. पण कुठल्या बाटलीत किती तुरटी पडली कोण जाणे, म्हणून रिसर्च पेपरात एक अक्षर लिहिता आलं नाही. त्या बाटलीतून पुढचं कल्चर वाढलं आणि एक्स्टेन्शन मिळालं.

काकूचा फोन आला. “जगली का गो तुजी जितराबं?”

“एका बाटलीतली जगली.”

“मंग ती माज्याकडं आनू नको हां!”

तेव्हापासून नव्या मुलांना सांगते, लेबल कितीही ठळक लिहा, घरातल्या माणसाला तोंडाने सांगा.

काकू आता नाही. मध्यंतरी लॅबची वीज पुन्हा बंद झाली. बाटल्या दुसऱ्या लॅबला पाठवल्या. परत आल्या तेव्हा पाणी होतं तसंच तांबूस, गढूळ. कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. काम चोख झालं होतं, तरी मला रडूच आलं.