बिराजदार सरांचा भरवसा

लातूरला स्वतंत्र जिल्ह्याचा मान मिळून फार काळ लोटला नव्हता, आणि पावसाने पाठ फिरवलेली होती. त्या दिवसांत एक गृहस्थ रोज सकाळी सायकलच्या हँडलला पाण्याची बादली अडकवून आमच्या आळीतून जात. कपाळी भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. टँकरमागे बायका घागरी घेऊन धावत असताना हे गृहस्थ नव्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मागील बाजूस एका खड्ड्यात ते पाणी सावकाश ओतत आणि रिकामी बादली घेऊन आत जात. मी शाळेत संस्कृत शिकविणारा माणूस. मला वाटले, जमिनीत पुरलेल्या एखाद्या जुन्या पिंडीला हा अभिषेक चालला आहे. एके दिवशी मी वहाणा काढल्या आणि हात जोडून त्यांच्यामागे उभा राहिलो.

"गुरुजी, वहाणा घाला. इथं देव न्हाई," ते हसू दाबीत म्हणाले. "अर्थिंगचा खड्डा हाय. माती कोरडी पडली की चुकार करंट जमिनीत मुरत न्हाई. मग पोरांच्या अंगातून गेला म्हंजे?"

"पण एवढे पाणी, या दिवसांत?"

"टँकरचं न्हाई. आंघोळीचं हाय. परातीत बसून करतो, साबण न लावता. आठवड्याला मूठभर मीठ टाकतो, तेवढाच नैवेद्य."

हे बिराजदार सर. उदगीरकडचे, विद्युत विभागाचे प्रमुख. बंद पडलेल्या तेल गिरणीच्या शेडमध्ये त्यांची प्रयोगशाळा होती. भिंतींना अजून करडईचा वास येई. माझी कन्या सुमेधा त्या महाविद्यालयात शिकत होती, आणि मी तिचा पिता आहे हे कळल्यावर सर अधूनमधून आमच्या ओसरीवर येऊ लागले. चहा बशीत ओतून पीत आणि बोलता बोलता सगळ्या जगाला विजेचे नियम लावून पाहत. नव्या जिल्हा कचेरीत एका सहीसाठी आठवडा गेला, की म्हणत, "गुरुजी, हितं व्होल्टेज लई हाय, पण करंट न्हाई." आमच्या घरातले सैल स्विच त्यांनी न सांगता बदलून दिले, आणि सुमेधाच्या आईला ताकीद दिली, "वैनी, ओल्या हातानं बटन दाबायचं न्हाई. पुन्हा दिसलात तर फ्यूजच काढून नेतो."

अंतिम वर्षी विद्यार्थ्यांना आपली वाट निवडावी लागे. बहुतेक मुले इलेक्ट्रॉनिक्सकडे वळत. विद्युतशक्तीची, म्हणजे 'पॉवर'ची वाट कष्टाची होती. दोषप्रवाहाचे गणित, स्विचगिअर आणि संरक्षण, उच्चदाब, उपकेंद्रावर उन्हात प्रशिक्षण. आणि या सर्वांवर कळस म्हणजे संरक्षणाची प्रात्यक्षिके. तारेवर बिघाड झाला की क्षणार्धात ओळखून प्रवाह तोडायला लावणारे रिले नावाचे यंत्र असते. ते विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने जोडून, तपासून दाखवायचे. सरांचा दंडक असा, की प्रात्यक्षिक केल्याखेरीज वहीवर सही नाही, आणि सहीखेरीज परीक्षेला बसणे नाही. मला हे ऐकून मोठे समाधान वाटले. आम्ही पाठशाळेत संथा घेतली ती गुरूंच्या समोर बसून. पोथीत डोके घालून पाठ केलेला मंत्र आमचे गुरुजी मान्य करीत नसत. यंत्रविद्येतही तीच शिस्त पाळणारा मनुष्य माझ्या मुलीला लाभला, हे मी ईश्वराची कृपा मानले.

अडचण एकच होती. रिले तपासण्याचे पॅनेल महाविद्यालयाने अद्याप घेतलेले नव्हते. निवड बदलण्याची मुदत संपत आली, तेव्हा पॉवर घेतलेली मोजकी मुले बावरली आणि सुमेधाने आमच्या ओसरीवर सरांना सरळ विचारले, "सर, पॅनेल आलंच नाही तर? आम्ही इलेक्ट्रॉनिक्सला जाऊ का?"

"जाऊ नका," सर म्हणाले. "संस्थेनं शब्द दिलाय. आणि न्हाई आलं, तर विद्यापीठाची कमिटी तपासायला येईल तवा मीच उभा राहून सांगतो, यंत्र न्हाई म्हणून. मग संस्थेला घ्यावंच लागतंय. तुमी माझ्या भरवशावर ऱ्हावा."

मुले राहिली. मुदत गेली. पॅनेल आले नाही.

कमिटी यायची त्या सकाळी नांदेडच्या एका महाविद्यालयाकडून मालमोटार आली. तिच्यातून गोणपाटात गुंडाळलेले एक भलेमोठे पॅनेल उतरले. हमालांनी ते शेडमध्ये नेले, शिपायाने त्यावरचे मूळ नाव खरवडले आणि तेथे आमच्या महाविद्यालयाचे नाव रंगवले. मुलांना एप्रन घालून भोवती उभे केले होते. कमिटी आली तेव्हा सरांनी विजेजवळ धातू नको म्हणून घड्याळ आणि अंगठी काढून खिशात ठेवली व एकेक खटका दाखवीत पॅनेल इतके सुंदर समजावून सांगितले, की कमिटीतील वृद्ध सदस्यांनी मान डोलावली. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच हमाल पुन्हा आत आले. चहाचे कप गोळा होण्याआधी पॅनेल नांदेडच्या वाटेला लागले होते. रंग वाळलासुद्धा नव्हता. एका हमालाच्या सदऱ्याला तो लागला.

"सर, आमचं प्रॅक्टिकल?" सुमेधाने विचारले.

"नांदेडच्या पोरांची रीडिंगं आलीत. उतरून घ्या."

"आणि तुमची सही?"

सरांनी मान खाली घालून तिच्या कोऱ्या वहीवरच सही केली. मग तिला बाजूला बोलावून म्हणाले, "तोंडी परीक्षेला भाईरचे परीक्षक येतील. त्यांनी इचारलं तर खरं सांग. मी बाजूलाच बसलेला असतो. बघू काय व्हायचं ते."

घरी येऊन हे सांगताना ती प्रसन्न होती. "अण्णा, सरांना संस्थेपुढे बोलता आलं नाही, पण परीक्षकांपुढे ते बोलतील." मीही तसेच मानले. मनुष्य एकदा घसरतो आणि सावरतो, असे माझे शास्त्र मला सांगत होते.

तोंडी परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी प्रत्येकाला विचारले, "रिलेची चाचणी स्वतः घेतलीस का?" आधीची सर्व मुले "होय" म्हणाली. सुमेधा म्हणाली, "नाही, सर. पॅनेल आमच्याकडे एकच दिवस होतं, आणि आम्हाला हात लावू दिला नाही." असे म्हणून तिने बिराजदार सरांकडे पाहिले.

परीक्षकांनीही पाहिले. "काय म्हणते ही?"

सर हसले. ते हसणे ती अनेक वर्षे मला करून दाखवी. "घाबरलीय हो ती. एकटीच मुलगी हाय वर्गात. माझ्यासमोर केलीय तिनं चाचणी, सगळ्यात चांगली."

परीक्षकांनी मायेने तिच्याकडे पाहिले, पाणी प्यायला सांगितले आणि उत्तम गुण दिले. ती घरी आली, दप्तर ठेवले आणि म्हणाली, "अण्णा, मला पास केलं." आणि मग न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतले.

निकाल लागला, ती प्रथम श्रेणीत आली. त्याच संस्थेचे नवे महाविद्यालय नांदेडला निघाले आणि सर तेथे प्राचार्य म्हणून नेमले गेले. सामानाचा ट्रक भरून झाल्यावर ते निरोप घ्यायला आमच्याकडे आले. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"गुरुजी, निघालो," ते म्हणाले. मी बसा म्हणालो. ते बसले नाहीत. "तुमच्या मनात काय हाय ते मला ठाव हाय. पण ती 'न्हाई' म्हणली ते धरलं असतं, तर साऱ्या पोरांचं वर्ष गेलं असतं. गावाकडं काय हाय? न विहिरीला पाणी, न रानाला. पोरं कुठं गेली असती?"

"ते परीक्षकांना सांगायचे होते, सर," मी म्हणालो. "ती खोटी आहे असे का सांगितलेत?"

आतून सुमेधा बाहेर आली. सर पाय जुळवून उभे राहिले. शिष्येने वाकून नमस्कार करायचा, ही आमच्याकडची रीत. तिने दुरून हात जोडले.

"पोरी," सर म्हणाले, "मी खोटं बोललो ते तुझ्यासाठी."

"आणि मी खरं बोलले होते ते तुमच्या भरवशावर, सर."

पुडा त्यांच्या हातातच राहिला. ते पायऱ्या उतरले. आलेल्याला फाटकापर्यंत पोचविल्याशिवाय मी कधी परतत नाही. माझ्या वडिलांनी लावलेला तो नेम मी आजारपणातही मोडलेला नव्हता. सरांनी फाटकाशी जाऊन मागे वळून पाहिले. मी उंबऱ्यातच उभा होतो.