काटोलचं बावन्न

आधीच सांगते, भुतंखेतं मी मानत नाही. तेव्हाही नव्हते मानत, आजही नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं, पण आधी पूर्ण वाचा.

ऐंशी सालच्या आगेमागे नागपूरला टीव्हीचं प्रक्षेपण सुरू व्हायचं होतं. मी नवी असिस्टंट इंजिनिअर, प्रोबेशनवर. अँटेना कोणता घ्यायचा, हा वाद चालला होता. एक चारी दिशांना सारखा सिग्नल देणारा. दुसरा शहरावर जोर देणारा, पण त्यात पश्चिमेकडच्या काटोल गावाची बाजू कोरडी राहणार. आमच्या साहेबांना दुसरा हवा होता. काटोलपर्यंत सिग्नल पोचतो का, हे आमच्या मोजणीवरून पाहून समिती ठरवणार होती.

टेकडीवर तात्पुरता ट्रान्समीटर लावलेला. आम्ही जीपमध्ये मीटर घेऊन गावोगाव फिरायचो — मी आणि टेक्निशियन देवरावजी. आकडे शाईनेच लिहायचे, पान फाडायचं नाही. चुकलंच तर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी सही.

कळमेश्वरला सिग्नल छान मिळाला. काटोलला मात्र संत्रा मंडईमागच्या मोकळ्या जागेत काटा तिशीच्या वर जाईना, मग तर पार खालीच बसला. दुपारचे साडेबारा. मी मीटर बंद करणार, तेवढ्यात देवरावजी ओरडले, "बाई, थांबा! काटा चढून राहिला!"

बावन्न... अकरा मिनिटं हललासुद्धा नाही. हेडफोन लावला तर आमच्याच ट्रान्समीटरचा टोन, ओळखीसाठी दर मिनिटाला घेतो त्या थांब्यासकट. मी वेळ घालून लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. खरं सांगते, मला आनंद झाला होता.

संध्याकाळी टेकडीवर गेलो. ऑपरेटर म्हणाला, "साडेबाराले? लाइटच नव्हती ना बाई! सव्वाबारापासून एक वाजेपर्यंत मशीन बंद. मी तं डबा खाऊन राहिलो होतो." त्याच्या वहीतही तसंच होतं. तिघांची घड्याळं जुळवली. मिनिटाचाही फरक नाही.

साहेबांनी मला बोलावलं. "दुसऱ्या कुठल्या तरी स्टेशनची लहर आली असेल."

"आमच्या थांब्यांसकट, सर?"

"वाद नको. रेघ मारा, सही करा. नाहीतर तुमच्या कन्फर्मेशनच्या कागदावर मी काय लिहीन, ते तुम्हीच समजून घ्या."

घरी आई-वडील माझ्या पगारावर होते. पण चुकलेल्या आकड्यावर रेघ मारायची असते, न समजलेल्या आकड्यावर नाही! मी शेजारी लिहिलं, 'ट्रान्समीटर बंद असताना' आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. बाहेर देवरावजी एवढंच म्हणाले, "काहून खोडायचं बाई? आपण दोघांनी पाह्यलं ना."

कन्फर्मेशन वर्षभर लटकलं. पण त्या एका ओळीमुळे समितीने काटोलची मोजणी पुन्हा करायला लावली. मागच्या वेळी आम्ही खोलगट जागेत उभे होतो, हे तेव्हा कळलं. नव्या जागांवर आकडे बरे आले आणि काटोल थोडक्यात वाचलं. चौफेर अँटेना ठरला.

पुढे तो उंच मनोऱ्यावर चढला. पहिल्या तपासणीला साहेब स्वतः जीपमध्ये बसले. "आधी त्याच जागी चला," म्हणाले. मंडईमागे मीटर लावला.

बावन्न.

जो अँटेना तेव्हा विकतही घेतला नव्हता, त्याचा आकडा आम्हाला आधीच कसा मिळाला? मला माहीत नाही. निवृत्त होईपर्यंत विचारत राहिले, कुणालाच सांगता आलं नाही. साहेबांनी त्या दिवशी आकडा स्वतः पाहिला. जुनी वही मागितली, ते पान उघडलं, खिशातून पेन काढलं. मला वाटलं, आता रेघ मारतात...

त्यांनी आमच्या दोन सह्यांखाली तिसरी सही केली.