सोफ्रोनच्या वाटणीचं पाणी

अंगेलिनानं आयुष्यात कधी कुणाची आज्ञा मोडली नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. शेहेचाळीस वर्षं आमच्या दोघींच्या अंगणांत एकच कुंपण आहे आणि तिच्या या स्वभावाचा मला अनेकदा संताप आलेला आहे. लोकरीच्या गिरणीत एकतीस वर्षं राबली. मुकादमानं दुसरी पाळी कर म्हटलं की केली, तोंडातून ब्र नाही. सासूनं सांगितलं होतं, लाल रुमाल डोक्याला बांधायचा नाही. सासू मेल्यावर वीस वर्षांनीही हिच्या डोक्याला लाल रुमाल नाही.

"अगं, तिला आता कुठून दिसतंय?" मी एकदा विचारलं.

"तिनं सांगितलं होतं ना, बाई."

मी गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. तिची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेली, त्यामुळे मी 'बाई'. वयानं ती माझ्याहून तीनच वर्षांनी लहान आहे, तरी आजही 'बाई'च.

तिचा नवरा सोफ्रोन गेल्या सप्टेंबरात गेला. जिल्ह्याच्या इस्पितळात पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं बजावलं, पाणी एक थेंबही द्यायचं नाही. शुद्धीवर आल्यापासून सोफ्रोन एकच शब्द बोलत होता. पाणी. दुपारभर. ही पलंगाशेजारी स्टुलावर बसून, मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. संध्याकाळी तो गेला.

"बाटली भरलेली होती, बाई," तिनं मला सांगितलं. "झाकणही उघडलं नव्हतं."

डॉक्टरचं बरोबर होतं, पाणी देऊन तो वाचला नसता, असं मी तिला म्हटलं. खरंच होतं ते. पण म्हटलं नसतं तर बरं झालं असतं.

आमच्याकडे माणूस गेला की चाळीस दिवस त्याचा जीव घराभोवती असतो म्हणतात. ज्या खोलीत त्याला शेवटचं निजवलं तिथली खिडकी वीतभर उघडी ठेवायची आणि खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याचा पेला आणि पावाचा तुकडा. रोज ताजा. बहुतेक घरांत नवव्या दिवसानंतर लोक विसरतात, मग चाळिसाव्याला एकदम आठवण येते. अंगेलिना विसरणारी नव्हती. सोफ्रोनला मध आवडायचा म्हणून पावाला ती बोटभर जाडीचा मध लावायची. पहाटे उजाडता उजाडता ठेवायची, कारण सोफ्रोन त्याच वेळी उठायचा.

आता हे लक्षात घ्या, की आमच्या गावात अस्वलं म्हणजे काही नवल नाही. आलुबुखार पिकले की ती डोंगरावरून उतरतात. दारू गाळून उरलेला चोथा चुना टाकून पुरायचा, मधाच्या पेट्यांना विजेची तार, कोंबड्यांचा दाणा बाहेर ठेवायचा नाही, हे पहिलीतलं पोरसुद्धा सांगेल. पण मेलेल्याचा पाव? तो खाणं आहे असं कुणाच्या डोक्यातच येत नाही. तो सोफ्रोनचा! मी त्या खिडकीवरून रोज जात होते. मधाचा वास मलाही येत होता. तीस वर्षं पोरांना अस्वलाचं नाक किती तीक्ष्ण ते शिकवलं आणि मी नुसतं "आज मध जास्त लावलाय" असं मनात म्हणून पुढे गेले.

बाराव्या दिवशी ती कुंपणाशी आली. चेहरा असा उजळलेला की मी घाबरलेच.

"बाई, सोफ्रोन आला होता. पाव खाल्ला. पाणीही प्यायला. पेल्यात काही नाही!"

"मांजर असेल."

"मांजर मध चाटतं?"

"भुकेलं असेल तर काय सांगावं."

"तुम्ही ना, बाई, शिकून शिकून कोरड्या झालात," ती म्हणाली आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली, म्हणून मीही पुढे बोलले नाही. माझी चूक. काचेचा पेला एके दिवशी खाली पडून फुटला, तेव्हा तिनं पत्र्याचा ठेवला. तेव्हाही मी बोलले नाही.

तेहतिसाव्या दिवशी मी तिच्या खिडकीखालचं झेंडूचं रोप सरळ करायला वाकले. भिंतीच्या चुन्यावर पाच रेघा. खोल, आतली माती दिसेल इतक्या. वरची टोकं माझ्या खांद्याच्या उंचीला. खाली ओल्या मातीत पंजा उमटलेला. मी माझं पाऊल शेजारी ठेवून पाहिलं, पंजा रुंद होता.

तशीच आत गेले. "अंगेलिना, अस्वल येतंय."

ती कणीक मळत होती. हात थांबले नाहीत. "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"चार दिवस झाले. पडद्याआडून तोंड दिसलं. काळे ओठ होते."

"आणि तू गप्प बसलीस!"

"पाव ते खात असेल. पाणी सोफ्रोनचं."

"मग नुसतं पाणी ठेव."

आता तिनं वर पाहिलं. "तुमच्या दारात पाहुणा आला तर नुसतं पाणी देता?"

मी वनखात्याच्या तिमोफ्तेला बोलावलं. माझाच विद्यार्थी, आता टक्कल पडलंय, पण चांगला मुलगा. त्यानं रेघा पाहिल्या, शीळ घातली आणि आत येऊन टोपी काढली.

"काकी, खिडकी आजपासून बंद. कट्ट्यावर काही ठेवायचं नाही."

"नाही," अंगेलिना म्हणाली.

तिमोफ्तेनं माझ्याकडे पाहिलं, जणू भिंत बोलली होती. मीही तशीच पाहत होते.

"काकी, घराला सरावलेलं अस्वल डोंगरावर परत जात नाही. मला त्याला गोळी घालावी लागेल. आणि ती वेळ येण्याआधी ते तुझ्या स्वैपाकघरात असेल."

"सातच दिवस राहिलेत."

"अस्वलाला कुणी सांगितलंय का सात दिवस?"

"तिमोफ्ते, शाळेत असताना तू आमच्या झाडाचे आलुबुखार चोरायचास. सोफ्रोननं तुला गोळी घातली होती का?"

तो हसला नाही. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाई, हिला एकटी सोडू नका." आणि गेला.

म्हणून मी रोज पहाटे तिच्याकडे जाऊ लागले. पस्तिसाव्या दिवशी सकाळी आम्ही तिच्या स्वैपाकघरात कॉफी पीत होतो. बाहेर नुकतं उजाडलं होतं, धुकं होतं. पाव-पाणी कट्ट्यावर ठेवून, त्या खोलीचं मधलं दार लावून ती माझ्यासमोर बसलेली. दाराला एक साधी कडी, चार स्क्रूंवर. मला मनाई आहे म्हणून ती माझ्या कॉफीत साखर घालत नव्हती, आणि मी कुरकूर करत होते.

पलीकडे लाकूड मोडलं.

एकदाच, कडाड. मग काचा. मग काहीतरी जड, मऊ, जमिनीवर उतरल्याचा आवाज. पलंग सरकला.

आम्ही हललो नाही. स्वैपाकघराचं बाहेरचं दार अंगणात उघडतं, अगदी त्या खिडकीशेजारी. म्हणजे बाहेर पडायचं तर त्याच्या तोंडात. मी पिठाची पेटी धरली, अंगेलिनानं दुसरं टोक. मधल्या दाराला ती टेकवली आणि अंगेलिना पेटीवर चढून दाराला पाठ लावून बसली. मी फोन काढून एकशेबारा लावला.

"घरात अस्वल आहे," मी पुटपुटले.

"मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही."

"मोठ्यानं बोलले तर त्याला ऐकू येईल!"

फोनवरच्या बाईचं डोकं ठिकाणावर होतं. गाव विचारलं, घर विचारलं, म्हणाली, हलू नका, माणसं निघतील. मी फोन हातातच ठेवला.

दाराखालच्या फटीतून श्वास ऐकू येत होता. ओला, घाईचा. मग चाटण्याचा आवाज, बशी जमिनीवर घासत जाते तसा. मी अंगेलिनाकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले. वाटलं, प्रार्थना करतेय.

तेवढ्यात पत्र्याचा पेला पडला. टण्ण. घरंगळत गेला, भिंतीला लागून थांबला.

तिनं डोळे उघडले. "पाणी सांडलं, बाई."

"सांडू दे."

"त्यानं पाणी सांडलं." आणि ती पेटीवरून उतरली. तिचा हात कडीकडे गेला. मी खोटं सांगत नाही, तिची बोटं कडीवर होती. चेहऱ्यावर भीती नव्हती, काहीच नव्हतं. घरात कुणी पाणी सांडलं तर फडकं घेऊन पुसायला जायचं, इतकंच.

मी तिचं मनगट धरलं. गिरणीत एकतीस वर्षं राबलेलं मनगट ते, मला आवरेना. "अंगेलिना, थांब," मी म्हटलं. जन्मभर जिनं सांगितलेलं ऐकलं, ती थांबेना. कडी अर्धी सरकली.

आणि भोंगा वाजला.

गावात अस्वल शिरलं की सरकारी सूचना सगळ्यांच्या फोनवर एकदम येते, कर्कश भोंग्यासह. मला ते ठाऊक होतं, पण माझ्याच तक्रारीची सूचना माझ्याच हातात वाजेल हे कुणाच्या लक्षात येतं? माझा फोन हातात किंचाळला. आणि अंगेलिनाचा फोन पलीकडे, अस्वलाच्या खोलीत, कपाटावर चार्जिंगला लावलेला. तोही किंचाळला.

अस्वल दारावर आदळलं. कडीचे दोन स्क्रू उडाले, एक माझ्या कपात पडला. मी पेटीवर झोपलेच म्हणा ना, आणि अंगेलिना माझ्यावर. दुसरा धक्का. दार बोटभर उघडलं, फटीतून गरम, आंबूस वास आला. मी चौदा वर्षांची असल्यासारखी ओरडत होते. तिसरा धक्का आलाच नाही. काचा, लाकूड, एक हुंकार, आणि मग झेंडूच्या रोपांवरून धावत गेल्याचा आवाज. भोंगे आणखी थोडा वेळ वाजत राहिले.

तिमोफ्ते, दोन पोलीस आणि पशुवैद्य आले तेव्हा अंगेलिना त्या खोलीत गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती. खिडकीची चौकट अंगणात पडलेली. गादी फाडलेली. पोलिसानं फळ्या मागवल्या आणि खिडकी ठोकून बंद केली.

"आजी, आता एक कणही बाहेर ठेवायचा नाही," तो म्हणाला. "ते परत आलं तर आम्ही मारणार. आणि तुम्ही ऐकलं नाही तर इटलीहून तुमच्या मुलीला बोलावून घेईन."

"पाच दिवस राहिलेत," अंगेलिना म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता. फळीवर शेवटचा खिळा ठोकला जात होता तेव्हा ती त्या ठोक्यांकडे पाहत होती, आणि मला वाटलं, झालं. पुन्हा कुणीतरी सांगितलं, आणि ही पुन्हा बाटलीचं झाकण न उघडता बसणार.

मी तिला माझ्याकडे झोपायला ये म्हटलं. आली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या दारावर थाप पडली. मी काठी घेऊन दार उघडलं. अंगेलिना. काळा रुमाल, एका हातात पत्र्याचा पेला, काठोकाठ भरलेला, दुसऱ्या हातात बशी. बशीत पाव, पावावर बोटभर मध. पेल्याला एका बाजूला पोचा आला होता.

"सोफ्रोनच्या नावानं," ती म्हणाली.

मेलेल्याच्या नावानं जिवंत माणसाला खाऊ-पिऊ घालणं आमच्याकडे आहेच. घेणाऱ्यानं 'देव त्याला क्षमा करो' म्हणायचं आणि खायचं. पण ते सणावारी, चर्चच्या अंगणात. चाळीस दिवसांतलं खिडकीतलं पाणी असं उचलून शेजाऱ्याच्या दारात नेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

"पाद्रीबाबांनी सांगितलं असं कर म्हणून?"

"कुणाला विचारलं नाही."

मी तिच्याकडे पाहत राहिले.

"अगं, पण मी यातलं काही मानत नाही, तुला ठाऊक आहे. आणि मध तर मला चालतच नाही. साखर आहे मला. डॉक्टरनं सक्त मनाई केलीय."

"डॉक्टरनं सांगितलं म्हणून?" अंगेलिना म्हणाली.

एवढंच म्हणाली. मी काठी दाराशी ठेवली, पाव घेतला आणि तिथंच उंबऱ्यात उभी राहून खाल्ला. देव त्याला क्षमा करो, हेही म्हटलं. तोंडात मध असताना शब्द नीट निघत नाहीत. मग पेला घेतला. विहिरीचं पाणी, दात ठणकतील इतकं गार. अर्ध्यावर दम लागला म्हणून थांबले.

"सगळं," ती म्हणाली.

अडतिसाव्या दिवशी तिच्या खिडकीच्या फळ्यांवर पंज्याच्या नव्या रेघा होत्या. आत काही मिळालं नाही, तसं ते अस्वल ओढ्यापलीकडच्या जंगली सफरचंदांकडे गेलं. तिमोफ्तेनं दोन दिवस बंदूक घेऊन वाट पाहिली, ते फिरकलं नाही.

पाचही दिवस ती आली. मी पाणी प्यायले की पेला माझ्या हातून घ्यायची, उंबऱ्यावर उलटा धरायची आणि बघत राहायची. एक थेंबही पडला नाही, की मग घरी जायची.