मामांची गादी

दुकानात शिरलेल्या माणसाला मामांनी "काय पाहिजे?" असं कधीच विचारलं नाही. "बसा. कोणत्या गावचे?" एवढंच. मग पाणी यायचं, चहा यायचा, आणि गिऱ्हाईक आपल्याच तोंडानं सांगायचं की पोरीचं लग्न जमलंय. "उभ्यानं घेतलेलं कापड अंगाला लागत न्हाई," असं मामा म्हणायचे. हिंगोलीत लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत, त्यांचे व्याहीसुद्धा.

मी त्यांच्याकडं हमाल होतो. शाळा दुसरीपर्यंत, तीही मास्तरांशी भांडून सुटलेली. एकदा मुनीम म्हणाले, गाठोडं टाक तिथंच. खाली चिखल. मी टाकलं नाही. "नवरीनं काय चिखलाचं लुगडं नेसायचं का?" म्हणून डोक्यावर घेऊन तसाच उभा राहिलो. मामांनी गादीवरून पाहिलं आणि हसले. "नाईक, उद्यापासून तू इथं बस." मी आमच्या बंजारा तांड्याचा नाईक, म्हणजे म्होरक्या नव्हतो, पण त्यांनी शेवटपर्यंत तेच नाव ठेवलं. तांड्यावरचा माणूस गादीवर बसून कापड दाखवतो, हे तोवर आमच्याकडं कुणी पाहिलं नव्हतं. माझ्या बापाला तर खरंच वाटेना. तो रस्त्यापलीकडं उभा राहून बघून गेला.

खरी कसोटी लग्नाच्या बस्त्याची. दोन्हीकडची माणसं टेम्पो भरून यायची. शालूपासून आहेराच्या टोप्यांपर्यंत सगळं एका बैठकीत. एखादी विहीण हटकून रुसायची. मामा माझ्या कानात सांगायचे, "आधी तिला दाखव. रुसली म्हंजे तिला कुणी इचारलं न्हाई." बराबर निघायचं. अशा बैठकांवरच दुकान वाढलं. जवळा बाजारला दुसरं निघालं, वारंगा फाट्यावर तिसरं. हिंगोली जिल्हा झाला तोवर आमचे इथं तीन मजले झाले होते. कापड, भांडी, बांगड्या, चपला, सगळं एका छताखाली.

मग नांदेडला काचेची मोठी दुकानं आली. मामांचा मुलगा शिकून आला होता. त्यानंही काच लावली, गादी काढली, कपडे हँगरला टांगले. गावाकडची माणसं काचेबाहेर चपला काढायची, आत येऊन थंडगार फरशीवर अनवाणी उभी राहायची आणि बसायची जागा शोधायची. मला मुलगा म्हणाला, "काका, आता तुम्ही दारात थांबा. ही टोपी घाला."

"मी बसून दाखवणारा माणूस हाय," मी म्हणालो. "दारात कुत्रं बांधा." टोपी तिथंच ठेवली आणि एसटी धरून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी तांड्यावर बातमी आली की मामा दारात उभे आहेत. जाऊन पाहतो तर खरंच. धोतर, कोट आणि डोक्यावर ती टोपी. आल्यागेल्याला दार उघडून राहिले होते.

"मामा, हे काहून?"

"तुझी जागा रिकामी होती. कुणीतरी पाहिजे ना."

मुलगा काउंटरमागं मान खाली घालून बसला होता. संध्याकाळी वरच्या मजल्यावर गादी पुन्हा अंथरली गेली.

गादीनं दुकान वाचलं असं मी म्हणणार नाही. पोरापोरींना आता उभ्यानंच निवडायला आवडतं, बस्तेही नांदेडला जायला लागले. आधी वारंगा फाट्याचं बंद झालं, मग जवळा बाजारचं, मग हिंगोलीचे मजले एकेक करून. पण हाताखालच्या माणसाला दुसरीकडं लावल्याशिवाय मामांनी एकही शटर ओढलं नाही. माझ्यासाठी एका कापडवाल्याकडं स्वतः गेले. "याला बसू द्यायचं," एवढीच अट घातली. त्या जागेवर मी म्हातारा झालो. लेकरं शिकली.

मामांच्या दुकानाच्या शेवटच्या दिवशी गादीचा मजला तेवढा उरला होता, गिऱ्हाईक कुणी नव्हतं. मामा वर आले आणि गादीच्या पलीकडच्या अंगाला बसले, गिऱ्हाइकासारखे.

"दाखव नाईक, काहीतरी चांगलं."

उरलीसुरली लुगडी मी एकेक करून उलगडली. मामांनी काठ चोळून पाहिले.

"रंग जाईल का रे?"

"गेला तर मला येऊन धरा."

"लई बोलतोस." हसले. एका हिरव्या लुगड्यावर बराच वेळ हात ठेवून बसले, मग गुडघ्यावर जोर देऊन उठले. "बरं, जरा फिरून येतो."

फिरून येतो म्हणणारं गिऱ्हाईक परत येत नसतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"या सावकाश," मी म्हणालो. "बाजूला काढून ठेवतो."

ते जिना उतरून गेले. मी सगळी लुगडी काठाला काठ लावून घडी केली आणि हिरवं तेवढं बाजूला ठेवलं.