खुब्याचे आटे

लोखंड कातायच्या लेथ मशीनचं आमचं दुकान उद्यमनगरात. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते चाळीस वर्षं चालवलं. आता मी चालवते. मला पहिल्यांदा मशीनसमोर उभं केलं तेव्हा त्यांनी एकच गोष्ट बजावली होती, "पयलं मशीनचा आवाज ऐक, मग तोंड चालव." त्यातलं दुसरं मला चांगलं जमलं.

शिमग्याच्या सुमारास आप्पा न्हाणीत घसरले आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी रॉड आणि स्क्रू घालून ते बसवलं. ते घरी आल्यावर मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले. सकाळ-संध्याकाळ वॉकर धरून चालायलाच लावायची. महिना-दीड महिना बरा गेला, मग आप्पा कुरकुरायला लागले, "आत स्क्रू सरकलाय गं. आटं धरंनात."

"आटं कशाचं! चालायचा कंटाळा आलाय तुमास्नी," मी म्हणाले. "खंडेनवमीला मशीनची पूजा करायची न्हाय काय?"

ही धमकी होती. त्या दिवशी लेथला हार घालायचा मान त्यांचा, तो एकदाही चुकला नव्हता. आप्पा उठले आणि ओठ आवळून चालले.

पंधरवड्यानं एक्स-रे काढला. स्क्रू खरंच हाड कापत वर आला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पा मात्र खूश! "बग, मी काय सांगत हुतो!" डॉक्टर म्हणाले, हाड ठिसूळ आहे, स्क्रू धरून ठेवणार नाही; आता हे सगळं काढून कृत्रिम सांधाच बसवू.

"चालतील ना पुन्हा?" मी विचारलं.

आप्पांचा प्रश्न वेगळाच होता. "सांध्याच्या गोळ्यात आणि वाटीत प्ले, म्हंजे फट, किती ठेवता?"

डॉक्टर खुर्ची ओढून बसलेच. पुढचा अर्धा तास दोघं कागदावर चित्रं काढत होते.

नवा सांधा बसला, आणि खंडेनवमीला आप्पा दुकानासमोर रिक्षातून उतरले. मी आणलेला वॉकर रिक्षातच राहिला. काठी टेकत ते स्वतःच्या पायांनी दुकानात शिरले. आनंदानं मला रडूच कोसळलं. त्यांनी लेथला हळदकुंकू लावलं, हार घातला. मग बोटाला उरलेलं हळदकुंकू पायजम्यावरूनच डाव्या खुब्याला लावलं.

"एक फूल दे की," ते म्हणाले. "आणि हितनं फुडं ह्या मशीनचाबी आवाज ऐकत जा."

मी झेंडूचं फूल दिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड चालवलं नाही.